मांडलेलं खायचं नसतं

आईच्या हातची एकच चपराक मी आयुष्यात खाल्ली, तीही एका बिस्किटापायी. मी सहा वर्षांची होते. आईने टेबलावर निळी बशी मांडली होती, बशीत चार बिस्किटं, शेजारी पेल्यात तीन गुलाब. ती ब्रशचं पाणी बदलायला आत गेली आणि परत आली तेव्हा बिस्किटं तीन होती आणि माझ्या ओठाला चुरा लागलेला होता. तिने काही विचारलंसुद्धा नाही. एक लगावली आणि मग माझ्यासमोर उकिडवी बसून अगदी शांतपणे म्हणाली, "मांडलेलं खायचं नसतं. चित्र संपेपर्यंत ते खाणं नाही, सामान आहे. तू रंग खातेस का? कागद खातेस?"

कागद मी अधूनमधून खायचे, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. धडा मात्र पक्का बसला. त्यानंतर आईच्या टेबलावर केक असो की द्राक्षं, माझ्या तोंडाला पाणी सुटायचं बंद झालं. पुढे कधी तरी मला ते खाणं म्हणून दिसायचंच थांबलं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण यातूनच झालं.

आईने एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. निम्मं गाव अजून तिला चित्राच्या बाई म्हणतं. मला चित्रकला आली नाही. सरळ रेघ तेवढी यायची, म्हणून मी फ्रेमा करते. घरापासून दहा मिनिटांवर माझं दुकान आहे. पुढे काऊंटर, मागे काचा, लाकडी पट्ट्या आणि चित्राभोवती लावायचा माउंटचा पुठ्ठा तिरका कापायची सुरी. आई मला चौकट म्हणते. "आली का आमची चौकटची राणी," असं शेजारपाजारच्यांसमोर म्हणते आणि मला राग येतो. मला राग लवकर येतो, आणि बहुतेकदा चुकीच्या माणसाचा येतो.

जलरंगाचे तिचे नियम मला तोंडपाठ आहेत. पांढरा रंग वापरायचा नाही, जिथे पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा. समोर नाही ते काढायचं नाही. आणि फुलं आधी, खाऊ नंतर. हा नियम तर ती वर्गात फळ्यावर लिहायची. फूल संध्याकाळपर्यंत मान टाकतं, बिस्कीट दोन दिवस जसंच्या तसं बसतं, म्हणून ज्याला घाई आहे त्याला आधी घ्यायचं. बशीतल्या खाऊचा रंग मग फुलाच्या कडेपर्यंत आणून थांबवायचा. हे जमलं नाही तर लपत नाही. तेलरंगात एक चूक दुसऱ्या रंगाखाली गाडता येते. जलरंगात खालचं वर दिसतंच.

निवृत्त झाल्यावर तिने घरामागच्या चिंचोळ्या पट्टीत डेलिया, गुलाब, झेंडू लावले आणि त्यांची चित्रं काढायला लागली. फुलांशेजारी नेहमी काही तरी रोजचं खाणंपिणं असायचं, चहाची कपबशी, पाव, कागदात गुंडाळलेल्या टॉफ्या. महिन्याकाठी एखादं चित्र व्हायचं. मी फ्रेम करून दुकानात लावायचे आणि कुणी ना कुणी घेऊन जायचं.

मग या वर्षी एका दातांच्या डॉक्टरांनी बारा चित्रं मागितली. नवा दवाखाना, बाहेर लोकांनी बसायची मोठी खोली. "फुलं आणि खाऊ," ते म्हणाले, "क्रीमचे बन, चॉकलेट, असलं सगळं. लोकांना बरं वाटतं." मी म्हटलं, "आणि तुमची गिऱ्हाइकंही वाढतील." ते हसले नाहीत. आईला मात्र मी हे सांगितलं तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

आईला अकरा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. एवढ्या वर्षांत तिने कुरकूर केली नाही. घरात खायला म्हणून गोडाचा कण नसायचा. वाढदिवसाला कुणी केक पुढे केला तर ती हात जोडायची. मी तिच्या साखरेच्या डॉक्टरांना अभिमानाने सांगायचे, "पथ्याच्या बाबतीत आमच्या आईचा हात कुणी धरणार नाही."

बारा चित्रांची घाई होती म्हणून दर आठवड्याला एक ठरलं. गुरुवारी सकाळी मी बेकरीतून खोकं भरून आणायचे आणि आईच्या टेबलावर ठेवून दुकानात जायचे. शनिवारी संध्याकाळी जाऊन वाळलेलं चित्र उचलायचं, दोन पातळ कागदांत घालून दुकानातल्या सपाट खणात ठेवायचं. फ्रेमा शेवटी एकदम करायच्या होत्या. गुरुवारच्या माझ्या यादीत सगळं एकाखाली एक असायचं. अमुक लाल रंगाची ट्यूब, टिपकागद, क्रीमचे बन, बिस्किटं. सामानाची यादी.

पहिल्या आठवड्यात एक बन होता. तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, "दोन आण. एक पुढे, एक मागे. चित्राला खोली येते." पाचव्या आठवड्यात म्हणाली, "तीन लागतील. दोनांत मांडणी उभी राहत नाही, दोन्हीकडे ओढ लागते." मला पटलं. फ्रेमवालीला मांडणीतलं थोडं फार कळतं, आणि कळतं हे दाखवायची हौसही असते. मी म्हटलं, "खरं आहे, तिनात तोल येतो." मग चॉकलेट आलं. "अख्खं नको, उघडलेलं आण, चंदेरी कागद थोडा मागे सरकलेला. उजेड काय सुंदर पडतो त्यावर."

सुरुवातीला शनिवारी मी जायचे तेव्हा बशी टेबलावरच असायची, बिस्किटं मऊ पडलेली, क्रीम पिवळं झालेलं. मावशी ते बागेत पाखरांना टाकायच्या. मावशी म्हणजे आईकडे सकाळ-संध्याकाळ कामाला येणाऱ्या बाई, सहा वर्षं होत्या. पण पुढे पुढे शनिवारी बशी धुऊन पालथी घातलेली दिसायची. मला बरं वाटलं. म्हटलं, वय झालं तरी आईचा हात चालतोय, वेळेत आवरते.

सहावं चित्र झालं त्या रविवारी मावशींचा दुकानात फोन आला. "ताई, लगेच या. घाबरू नका, पण या."

त्या आईचे पाय धूत होत्या. आईला पायांना काही कळत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून मावशी रोज कोमट पाण्याने पाय धुऊन, बोटांच्या फटी कोरड्या करून बघायच्या. डाव्या अंगठ्याखाली पितळेची एक गोल टिकली चमकत होती. बोर्डावर कागद बसवायची पिन. घरात घालायच्या सपातेत पडली होती, पाय घालताना आत घुसली होती आणि आई तिच्यावर आदल्या दिवसापासून चालत होती. मावशींनी ती काढली नव्हती, हात लावला नव्हता, पाय उशीवर ठेवून माझी वाट बघत होत्या. डॉक्टर म्हणाले, फार शहाणपणाचं केलं. मी मावशींना तेव्हा काही म्हटलं नाही. आभार मानायचं राहून गेलं.

जखम छोटी होती. पण आठवड्याभरात तिच्या कडा काळ्या पडल्या आणि वास यायला लागला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. ते तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. "तीन आठवडे बघू," म्हणाले. "साखर खाली आली तर अंगठ्यावर निभावेल. नाही आली तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. जखमेला मी औषध लावीन, पण भरणार ती आतून."

"साखर येईल खाली," मी म्हटलं. "आई पथ्य मोडत नाही."

पहिल्या आठवड्याचा रिपोर्ट आला, साखर वर. औषध वाढवलं. दुसऱ्या आठवड्याचा आला, आणखी वर. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "घरात कुणी तरी यांना गोड देतंय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी तरी म्हणजे कोण? घरात आई, मी येऊन-जाऊन, आणि मावशी.

दरम्यान चित्रं चालूच होती. डॉक्टरच म्हणाले होते, मन रमलं पाहिजे. पाय स्टुलावर ठेवून, बोर्ड मांडीवर घेऊन आई काढत होती. आणि मी गुरुवारी बेकरीत जात होते. एका हातात साखरेचा रिपोर्ट आणि दुसऱ्या हातात बनचं खोकं घेऊन मी त्या घराच्या पायऱ्या चढले आहे, एकाच सकाळी, आणि मला काहीही वाटलं नाही. ते सामान होतं.

मी पाळत ठेवायला लागले. आईची चादर झटकली तर बिस्किटाचा चुरा निघाला. स्वयंपाकघरात मावशींची पिशवी खुंटीला होती. मी ती उघडली. लाज वाटली, तरी उघडली. आत बिस्किटांचा पुडा होता, अर्धा संपलेला.

"मावशी, हे काय?"

"माझ्या चहासोबतची आहेत, ताई."

"आणि आईच्या अंथरुणात चुरा कसा?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, नुसता गोंधळ होता, वेड्यासारखं कुणी बोलत असलं की आपण बघतो तसा. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प आहेत.

"सहा वर्षं तुमच्यावर विश्वास टाकला," मी म्हटलं. "तिचा पाय जायची वेळ आलीय, मावशी. माया करायची असेल तर दुसरीकडे करा. उद्यापासून येऊ नका."

त्यांनी हात धुतले. कमरेचं फडकं सोडून घडी घातली आणि किल्ली त्यावर ठेवली. दारात चपला घालताना म्हणाल्या, "आणता तुम्हीच ना, ताई."

मला तो उद्धटपणा वाटला. वाटलं, पुडा मीच दिलाय असं म्हणायचंय यांना, चोराच्या उलट्या बोंबा. दार मीच लावून घेतलं. आईला सांगितलं, मावशी रजेवर गेल्यात, बहीण आजारी आहे. तिसऱ्या रिपोर्टला पाच दिवस होते.

त्या शनिवारी नऊ चित्रं खणात जमली होती. घरी बसून रिपोर्टची वाट बघण्यापेक्षा म्हटलं फ्रेमांना हात घालावा. दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि चित्रं मोठ्या टेबलावर ओळीने मांडली. काच लावण्याआधी मी प्रत्येक चित्र भिंगाखाली तपासते. ब्रशचा केस चिकटलेला असतो, कागदावर बुरशीचा ठिपका असतो, एकदा काच बसली की मग गिऱ्हाइकाची बोलणी खावी लागतात.

पहिलं चित्र बघितलं, दुसरं, तिसरं. सुरेख होती. चौथ्यात बनशेजारी एक मोठं पान आलं होतं, जरा जड, पण चालून जाईल. पाचव्यात गुलाबी डेलिया होता, वाकलेला, खालच्या पाकळ्या बशीवर टेकलेल्या. पाकळीचा रंग पातळ, उजेड आरपार जाईल असा. आणि त्या पाकळीतून मला बिस्किटाची कड दिसली.

मी भिंग पुसलं. परत बघितलं. बिस्किटाची तपकिरी कड पाकळीपाशी थांबत नव्हती. पाकळीखालून सरळ पुढे जात होती, तिची दातेरी नक्षीसुद्धा दिसत होती. म्हणजे बिस्कीट आधी काढलं होतं, वाळू दिलं होतं, आणि पाकळी नंतर त्यावर आली होती. खाऊ आधी, फुलं नंतर.

सहावं, सातवं, आठवं, नववं. झेंडूखालून बन दिसत होता. गुलाबाच्या देठाखालून चॉकलेटचा चंदेरी कागद दिसत होता. जी बाई एकतीस वर्षं फळ्यावर एक ओळ लिहीत होती तिने पाच आठवडे ती ओळ उलटी केली होती. फुलांना घाई असते म्हणून फुलं आधी. मग या बशीला कसली घाई होती?

मला धुऊन पालथी घातलेली बशी आठवली. तीन बन. दोनांत मांडणी उभी राहत नाही. मग मावशींचं दारातलं वाक्य आठवलं आणि मी भिंग तिथेच टाकून घराकडे निघाले.

घरी पोचले तेव्हा आई खिडकीशी होती, पाय स्टुलावर, पांढऱ्या पट्टीत. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"आई, फुलं आधी की खाऊ आधी?"

ती खिडकीकडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "कुठल्या चित्रात पाहिलंस?"

"पाचव्यापासून सगळ्यांत."

"चौथ्यातही आहे. तिथे पानाने झाकलंय." आणि तिच्या आवाजात, खरं सांगते, किंचितसा अभिमान होता.

"एका बिस्किटासाठी तू मला मारलं होतंस."

"आठवतंय मला."

"आणि तू सगळी बशी..."

"बशीचं चित्र गुरुवारीच उरकून टाकायचे. दुपारपर्यंत. मग एक बन तेव्हा, एक संध्याकाळी. बाकीचं रुमालात बांधून ठेवायचे. टॉफ्या सोमवारपर्यंत पुरवायचे." हे ती शाळेतल्या मुलीसारखं मान खाली घालून सांगत होती. "सुरुवातीला नाही खाल्लं. तीन आठवडे नुसतं बघून काढलं. तुला माहितीये का, एखादी वस्तू काढायची म्हणजे किती बघावी लागते? क्रीमची घडी, साखरेचा एकेक दाणा. अकरा वर्षांत मी बनकडे असं बघितलं नव्हतं."

"मावशींना माहीत होतं?"

"तिने पाहिलं. मी सांगितलं, लेकीने आणलंय. मग काही बोलली नाही. कधी येतेय ती?"

"मी कामावरून काढलं त्यांना. मला वाटलं, त्याच देतात."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. ती मनात काही तरी जुळवत होती, आणि मग तिने अगदी हळू विचारलं, "म्हणजे तुला खरंच माहीत नव्हतं?"

"मला कसं माहीत असणार?"

"मी दोन म्हटले, तू दोन आणलेस. तीन म्हटले, तीन. चॉकलेट उघडून आण म्हटलं, तर तू उघडून आणलंस. इतकी भोळी तू कधीपासून झालीस गं, चौकटे?" तिने स्टुलावरच्या पायाकडे पाहिलं. "मला वाटलं, पोरीला उघड देता येत नाही. डॉक्टर आहेत, रिपोर्ट आहेत. म्हणून बिचारी चित्राच्या नावाखाली आणतेय. पाय खराब झाल्यावरही तू आणायची थांबली नाहीस, तेव्हा तर मी म्हटलं, हिने ओळखलंय की आता काही खरं नाही, निदान आईला चार घास गोड खाऊ देतेय. मी गुरुवारची वाट बघायचे. बनची नाही." ती थांबली. "बनचीही बघायचे."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण कुठून सुरुवात करणार? मी तिच्या स्टुलाशेजारी खाली बसले आणि पट्टी बांधलेल्या पायावर हात ठेवला. तिला ते कळलं नाही. कळण्यासारखं त्या पायात काही उरलं नव्हतं.

तिसरा रिपोर्ट आला तो आधीच्या दोन्हींसारखाच. पुढच्या मंगळवारी सकाळी डाव्या पायाचं ऑपरेशन झालं, गुडघ्याखालून. शुद्धीवर आल्यावर आईने चादरीखालून हात घालून चाचपलं आणि म्हणाली, "डाव्या पायाची सपात टाकून दे. उगाच पडून राहील." मी नर्सच्या खोलीत जाऊन रडले. डॉक्टर मला म्हणाले, तिला नाही, मला, "उजवा पाय आता तुमच्या हातात आहे."

मावशींकडे मी गेले. दोन खोल्यांचं घर, दारात कपडे वाळत घातलेले. त्यांनी मला आत बोलावलं, पाणी दिलं. माफी मागताना मला वाक्य धड जमत नव्हतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तुम्ही तेव्हाच नीट का नाही बोललात?" शेवटी मी विचारलं. माफी मागायला गेले तरी माझा स्वभाव काही जात नाही.

"बोलले की, ताई. दारात बोलले." त्या पदराशी चाळा करत होत्या. "मला वाटायचं, तुम्हा मायलेकींचं ठरलंय काही तरी. आपण कशाला मध्ये पडा. आधीच बोलायला हवं होतं मी. रात्रंदिवस तेच मनात येतं."

परत याल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, दुसरीकडे काम धरलंय. बाईंना भेटायला येईन, पण कामाला नाही. मी आग्रह केला नाही. कुठल्या तोंडाने करणार होते?

आई घरी आली त्याला पाच आठवडे झाले. दातांच्या डॉक्टरांना मी सांगितलं होतं, नऊवरच थांबू. आई ऐकेना. "बारा म्हणजे बारा," म्हणाली. "डेलियाचा शेवटचा बहर आहे." खाऊचं तिने काही म्हटलं नाही. मी म्हटलं, या वेळी नुसती फुलं काढ. ती म्हणाली, बघू.

गुरुवारी सकाळी मी रंग घ्यायला निघाले. रंगाच्या दुकानाच्या वाटेवर बेकरी लागते. मी आत जाणार नव्हते. पण बेकरीवाल्याने मला काचेतून पाहिलं आणि हात केला. "बऱ्याच दिवसांनी. तुमचं काढूनच ठेवतो मी गुरुवारी, कधी येताल म्हणून." आणि मी काही बोलायच्या आत त्याने खोकं बांधून काऊंटरवर ठेवलं. तीन बन, बिस्किटं, चॉकलेट. नको म्हणणं सोपं होतं, पण त्याने आईची तब्येत विचारली असती, मग मला सांगावं लागलं असतं. मी खोकं घेतलं.

रस्त्यावर आल्यावर त्याचं काय करावं कळेना. घरी न्यायचं नव्हतं. कचरापेटीत टाकायला हात होईना. दुकानात ठेवलं असतं तर ते माझ्याकडे बघत बसलं असतं. शेवटी एका बंद दुकानाच्या पायरीशी उभी राहिले, दोरा तोडला आणि खायला लागले. एक बन, दुसरा, तिसरा. चवीकडे लक्षच नव्हतं. येणारे-जाणारे बघत होते. इतक्या वर्षांत आईच्या टेबलाच्या वाटेवरचं काही मी तोंडात घातलं नव्हतं. मग चॉकलेट संपवलं. बिस्किटं चावून चावून गिळली, चुरा झटकला, खोकं चपटं करून टाकून दिलं आणि रंग घेऊन घरी गेले.

आई चाकांच्या खुर्चीत टेबलाशी बसली होती. पेल्यात तीन डेलिया मांडलेले होते. त्यांच्या पुढ्यात निळी बशी होती, रिकामी, स्वच्छ पुसलेली. मी रंगाच्या ट्यूबा टेबलावर ठेवल्या. तिने माझ्या हातांकडे पाहिलं, दुसरं काही आहे का म्हणून. नव्हतं. मग नजर वर आली आणि माझ्या तोंडावर थांबली.

"इकडे ये," ती म्हणाली.

मी वाकले. क्षणभर मला खरंच वाटलं, हात उचलणार. तिने अंगठ्याने माझ्या ओठाच्या कोपऱ्यावरचं क्रीम पुसलं, लहानपणी पुसायची तसं, हनुवटी धरून.

"सगळं एकटीने खाल्लंस?"

"हो."

"उभ्याने?"

"हो."

तिने अंगठ्याकडे पाहिलं. जेवढं लागलं होतं ते एवढंसं, तांदळाच्या दाण्याइतकं. रंग पुसायचं फडकं तिच्या मांडीवरच होतं. उजवा पाय खुर्चीच्या पायरीवर होता, मोज्यात, मी सकाळीच धुऊन पुसलेला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग अंगठा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

मी ब्रशचं पाणी बदलायला आत गेले आणि नळ सोडून तिथेच थोडा वेळ उभी राहिले.